फोटोच्या नोटिशीला घाबरून लगेच पैसे भरू नकोस

भावा, साइटवरचा फोटो विनापरवाना वापरला म्हणून पैसे मागणारा तो ईमेल आल्यापासून तुला झोप नाही, हे कळतंय. 'सात दिवसांत पैसे भरा' ही मुदत ईमेल पाठवणाऱ्यांनी ठरवलीय, कोर्टानं नाही. पण गप्प बसणंही बरं नव्हे.

आधी पानाचा स्क्रीनशॉट घे, फोटो कुठून आणि कधी घेतला ते लिहून ठेव. मग फोटो सर्व्हरवरूनच काढ. नुसता पानावरून काढलास तर थेट लिंक चालूच राहते. अर्थात, काढल्यानं आधीच्या वापराची जबाबदारी संपत नाही.

आता त्यांना लेखी विचार: फोटो कुणाचा, तुमच्याकडे हक्क कोणत्या कराराने आला, आणि रक्कम कशी काढली? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं, त्यामुळे कागद मागणं गैर नाही. त्याच कायद्याचं कलम ६० निराधार धमक्यांविरुद्ध दाद देतं. ते वकिलाला दाखव. उत्तरात 'चूक झाली, माफ करा' असं काही लिहू नकोस. फोनवर तर बोलूच नकोस.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका गिऱ्हाइकाच्या साइटवर मी गूगलवरून उचललेला फोटो टाकला होता. तशीच नोटीस आली आणि त्यांचा हक्क खरा निघाला. मग त्या फोटोचा बाजारातला परवाना दर शोधला, त्याच्या आधारानं घासाघीस केली, आणि पुढे दावा नाही असं लिहून घेऊनच पैसे दिले. फोटोग्राफरच्या कष्टाचं मोल द्यायलाच हवं. दंडाच्या नावाखाली काहीही आकडा मात्र नको.

तुझ्या चप्पलवाल्या गिऱ्हाइकासाठी रविवारी कॅमेरा घेऊन चप्पल लाइनला ये. दुकानदाराला विचारून आपणच फोटो काढू.