फुटबॉलच्या सट्ट्यात ओव्हर २.५ गोल म्हणजे काय, आणि त्यात नक्की पैसे सुटतात का?

साधं आहे, दोन्ही टीमचे गोल मिळून ३ किंवा जास्त झाले की ओव्हर, २ किंवा कमी झाले की अंडर, अर्धा गोल कधी होत नाही म्हणून पैज बरोबरीत सुटायचा प्रश्नच येत नाही. आपल्या नेरूळच्या डी वाय पाटील स्टेडियमवरचंच बघा, २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकप सेमीफायनलला स्पेनने मालीला ३-१ हरवलं, म्हणजे ४ गोल, ओव्हर. तिथेच २०२२ ला मुलींच्या अंडर-१७ फायनलला स्पेन १-० कोलंबिया, अंडर, आणि तो एकमेव गोलही स्वयंगोल होता, तोही मोजतात बरं का. हिशोब सहसा ९० मिनिटं अधिक इंज्युरी टाइमचाच, एक्स्ट्रा टाइम आणि पेनल्टी शूटआउट धरत नाहीत, इथेच खूप जण फसतात.

आता नक्की पैसे सुटतात का, तर नाही. समजा दोन्ही बाजूंना भाव १.९० आहे, म्हणजे जिंकल्यावर १०० चे १९० परत, तर १०० लावून जिंकलात तर ९० सुटतात, हरलात तर पूर्ण १०० गेले, म्हणजे नुसतं ना नफा ना तोटा राहायलाच १०० पैकी जवळपास ५३ वेळा बरोबर यावं लागतं. तो मधला फरक बुकीचा. टेलिग्रामवर फिक्स टिप विकणाऱ्यांना एक रुपया देऊ नका, ठाण्यात काय नी वाशीत काय, कॉलेजची पोरं यात अडकतायत हे बघून खरंच वाईट वाटतं.

आणि हो, २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावायचे असले ऑनलाइन खेळ देशभर बंद केलेत.