अडलंय ते नेमकं कुठे?

प्रश्न : माझा डेस्कटॉप २०१८ सालचा आहे. इंटेल आय-५ ८४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. विंडोज ११ टाकायचं म्हणून मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवलं, तर हा पीसी अटींत बसत नाही असं आलं. मुलगा म्हणतो, नवाच घ्या. माझं काम पत्रं, हिशेब आणि फोटो एवढंच. काय करू?

उत्तर : नवा घेऊ नका, निदान आत्ता तरी. प्रोसेसरचा नंबर कळवलात हे फार बरं केलंत. ८४०० मधला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी, आणि विंडोज ११ला इंटेलचे, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर चालतात. तिथे ७४०० असतं तर मी तुम्हाला पुढचं काही करायला सांगितलंच नसतं. रॅम ४ जीबी आणि डिस्क ६४ जीबी लागते. तीही तुमच्याकडे भरपूर आहे.

मग अडलं कुठे? त्याच खिडकीत सगळे निकाल पाहायचं बटण आहे, ते दाबा. माझा अंदाज, ‘टीपीएम २.०’ची ओळ नापास असेल. गुप्त किल्ल्या सांभाळणारी ही सोय तुमच्या पिढीच्या इंटेल मशीनमध्ये सहसा आतच असते, फक्त बंद ठेवलेली. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, तिचं नाव ‘पीटीटी’ असतं. ती चालू करायची, बस.

दुसरी शक्यता सिक्युअर बूटची, म्हणजे सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सोयीची, आणि इथे मात्र जपून. तिच्यासाठी ‘सीएसएम’, म्हणजे मशीन जुन्या पद्धतीने सुरू करणारी सोय, बंद करावी लागते. गेल्या वर्षी बहिणीच्या अशाच डेस्कटॉपवर मी पीटीटी चालू केलं आणि त्याच दमात ‘सीएसएम’ बंद केलं. मशीनला डिस्कच सापडेना! तिचे वीस वर्षांचे फोटो त्यात होते. माझे हातपाय गार पडले. सीएसएम परत चालू केल्यावर विंडोज आलं. कारण साधं होतं : डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची होती आणि नव्या यूईएफआय पद्धतीने सुरू व्हायला विंडोजला जीपीटी, म्हणजे नव्या आखणीची, डिस्क लागते. विंडोज १०मध्येच ‘एमबीआर-टू-जीपीटी’ नावाची सोय आहे. ती वापरून मी आधी तीच डिस्क जीपीटी करून घेतली, मग सीएसएम बंद केलं आणि काम झालं.

तेव्हा आधी ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’ बघा. ‘यूईएफआय’ असेल तर ही भानगडच नाही. ‘लेगसी’, म्हणजे जुनी पद्धत, असेल तर माझ्यासारखी घाई नको. आणि काहीही असो, बायोसला हात लावण्याआधी फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नाहीतर मशीन तीच मागून बसेल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. हार्ड डिस्कवर विंडोज ११ बसेल, पण सुरू होताना तुमचा अंत पाहील. विंडोजसाठी एक एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घ्या, अगदी २५६ जीबीची चालेल, आणि फोटो आहेत तिथेच जुन्या डिस्कवर राहू द्या.

टीपीएम सोडून दुसरीच ओळ नापास निघाली, तर ती जशीच्या तशी उतरवून मला कळवा.