कोकणात फ्रेम लावताना

समुद्र दिसला की लगेच कॅमेरा तिकडे वळवू नकोस. गुहागरचा किनारा लांबलचक. वाइड शॉटमध्ये पात्र ठिपक्याएवढं उरतं. एकटेपणा दाखवायचा असेल तर जरूर घे, एरवी घरात ये. माजघराच्या अंधारातून पडवीकडे बघ: दाराची चौकट, पलीकडे उन्हातलं अंगण. एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, अंगणाला लावलंस की दारातली बाई काळी आकृती होते. चेहरा हवा असेल तर तिला उंबऱ्याबाहेर आण. जांभ्याच्या भिंतीवरून परतणारा लालसर उजेड मला फार आवडतो.

किनाऱ्यावर क्षितिजरेषा मानेतून जाऊ देऊ नकोस, कॅमेरा कमरेपर्यंत खाली घे. सूर्य इथे समुद्रात मावळतो, म्हणून समुद्राकडे बघणारा चेहरा उजळलेला हवा असेल तर तो सीन संध्याकाळीच लाव.