पार्किन्सन्स असलेल्या सासऱ्यांना घरात माणसं दिसतात, त्यांना 'तिथे कोणी नाही' असं सांगावं का?

तुमचा प्रश्न वाचून दोनदा मोबाईल बाजूला ठेवला आणि शेवटी लिहायला बसले. सासऱ्यांना ९ वर्षांपासून पार्किन्सन्स आहे, गेल्या आठवड्यापासून हॉलमध्ये अनोळखी माणसं बसलेली दिसतात, नणंद म्हणते तोंडावर सांगा कोणी नाहीये, तर सांगावं का आणि हे थांबतं का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या आईची डिलाईल रोडला चाळीत खाणावळ होती, गिरणी कामगारांची, एका खोलीत दोन्ही पाळ्यांची माणसं जेवून जायची, १९८२च्या संपात ती बंद पडली ती पडलीच. २००९ला आईला पार्किन्सन्स निघाला. २०१७च्या पावसाळ्यात एकदा दिवेलागणीला मला म्हणते, "भात टाक गं, माणसं ताटकळलीत." मी म्हटलं कोण माणसं? तर दाराकडे हात केला, चार जण भिंतीला टेकून बसलेत, बोलत नाहीत काही, नुसते बघतायत. मी तिच्यावर ओरडले. काहीतरी बरळू नकोस, कोणी नाहीये तिथे. ती गप्प झाली आणि मला वाटलं संपला विषय.

संपला कसला, पुढचे सात महिने तिला ती माणसं जवळजवळ रोज दिसत होती आणि ती आम्हाला सांगत नव्हती, कारण पोरं आपल्याला ठाण्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकतील ही भीती. मला कळलं तेही असं की एक दिवस ऑफिसातून लवकर आले तर ओट्यावर पाच कप चहा गाळून ठेवलेला, अर्धा बशीत अर्धा ओट्यावर, तिच्या त्या थरथरत्या हातांनी. मी तिथेच बसून रडले. म्हणून सांगते, 'कोणी नाही' असं दरडावून सांगितलं तर दिसायचं थांबत नाही, माणूस फक्त तुम्हाला सांगायचं थांबवतो.

न्यूरॉलॉजिस्टना काही नवल वाटलं नाही. त्यांनी आईलाच विचारलं, आजी, हे खरं नाही हे कळतं का तुम्हाला? आई म्हणाली, "कळतं हो, संप होऊन किती वर्षं झाली, पण दिसतात तर काय करू?" आणि इतके महिने आम्ही तिला वेडी समजत होतो. डॉक्टर म्हणाले निम्म्याहून जास्त पेशंटना पुढेमागे असं काहीतरी होतं, आधी नुसतं कोणीतरी मागे उभं असल्याचा भास, बाजूने मांजर गेल्यासारखं वाटणं, मग लहान मुलं, माणसं. आजार मेंदूच्या बघण्याच्या कामातही शिरतो आणि हातपाय चालावेत म्हणून जे डोपामिन गोळीतून वाढवतो ते मेंदूच्या बाकीच्या भागातही जातं. लोकांना पार्किन्सन्स म्हणजे हात थरथरणं एवढंच माहीत असतं. ज्या जेम्स पार्किन्सनचं नाव या आजाराला आहे त्याने १८१७ साली लिहिलं तेव्हा बुद्धीला काही होत नाही असंच लिहिलं होतं, तो समज अजून चाललाय.

मग त्यांनी आधी थरथरीवरची पॅसिटेन काढली, डोपामिनसारखं काम करणारी प्रामिपेक्सोल हळूहळू उतरवली, सिंडोपाला म्हणजे लेव्होडोपाच्या मुख्य गोळीला हात लावला नाही कारण त्यावरच ती चालत होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला लावलं. आम्ही खुंटीवरचे शर्ट काढले, दुपारी चारनंतर ट्यूबलाईट चालू ठेवायला लागलो. चाराचा एक झाला. तो एक राहिला कोपऱ्यात, पण आई त्याला घाबरत नव्हती.

आता दादाचं. त्याचं पहिल्यापासून एकच, गोळ्यांनी डोकं फिरवलंय आईचं. २०१९च्या दिवाळीत आई दहा दिवस त्याच्याकडे कांदिवलीला राहायला गेली आणि याने मला न विचारता सगळ्या गोळ्या एकदम बंद केल्या. सगळ्या. तिसऱ्या दिवशी आई लाकडासारखी ताठ, अंगात ताप, घास गिळता येईना, वहिनीचा फोन आला तेव्हा मी भांडुपला लोकलमध्ये होते. अकरा दिवस ॲडमिट होती आणि त्यानंतर ती परत कधी आधाराशिवाय उभी राहिली नाही. लेव्होडोपा अशी एकदम तोडली तर जीव जाऊ शकतो, हे त्याला कोणीही डॉक्टरने एका फोनवर सांगितलं असतं. अजूनही लग्नाकार्यात भेटला की म्हणतो, पण गोळ्यांमुळे होतं हे तर डॉक्टरनेही मान्य केलं ना? केलं. गोळ्या कारण असतात हे खरंच आहे. पण कुठली आधी काढायची, किती, किती दिवसांत, हे ठरवणं म्हणजेच तर इलाज, आणि त्यासाठी ज्या ओपीडीच्या रांगेत मी दर महिन्याला तिला व्हीलचेअरवर घेऊन बसायचे तिथे तो एकदाही आला नाही. तुमच्या नणंदेला हे वाचून दाखवा. जो रात्री उठत नाही त्याने गोळ्यांवर मत देऊ नये, हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगेन.

थांबतं का, तर आमच्याकडे कमी झालं, पूर्ण थांबलं नाही. शेवटी डॉक्टरांनी रात्री क्वेटायपिनची, म्हणजे भासांवरच्या औषधाची, २५ मिलिग्रॅमची अर्धी गोळी सुरू केली, झोप लागायला लागली. २०२१ला आई गेली.

सांगायचं काय, तर त्यांना स्वतःला कळत असेल की भास आहे तर मोकळेपणाने बोला, लपवू देऊ नका. कळत नसेल तर वाद घालू नका आणि खोटंखोटं पाहुणचारही करू नका, मला दिसत नाही पण मी इथेच आहे एवढं म्हणा आणि दिवा लावा. कोणी कवचबीजाची पावडर आणून देईल, तिच्यात लेव्होडोपाच असतं, गोळ्यांवर वरून ती दिली की डोस वाढतो. आणि फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पार्किन्सन्स आहे, हॅलोपेरिडॉल देऊ नये. रात्री कॅज्युअल्टीत पेशंट आरडाओरडा करायला लागला की शांत करायला ते इंजेक्शन देतात आणि पार्किन्सन्सवाल्याचं अंग त्याने आणखी आखडतं.

मी डॉक्टर नाही, हे सगळं एका घरातलं आहे, प्रत्येकाच्या गोळ्या वेगळ्या. सासरे तुमच्यावर संशय घ्यायला लागले, जेवणात काही घातलंय म्हणायला लागले, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. आणि तुम्ही 'गेल्या आठवड्यापासून' लिहिलंय ना, असं अचानक सुरू होतं तेव्हा बऱ्याचदा लघवीत इन्फेक्शन असतं, नाहीतर पाणी कमी पडलेलं असतं किंवा कुठली नवी गोळी सुरू झालेली असते, तर उद्या सकाळीच लघवी तपासायला द्या.