टाचणात उद्दिष्ट कसं लिहायचं, माझी पद्धत सांगतो

ताई, तिसरी-चौथी एका खोलीत, रोज टाचण (तासाला काय शिकवायचं त्याची आधीची नोंद) लिहिता आन् तरी केंद्रप्रमुख 'उद्दिष्टे स्पष्ट नाहीत' असा शेरा मारून जातात म्हणता. तुमचं वाक्य पहा, "किलो व ग्रॅम या एककांची ओळख करून देणे". हे तर तुमचं काम झालं ना, लेकराचं काय? तुम्ही ओळख करून द्याल, त्याला झाली का नाही हे कशावरून समजणार?

मीही तीन-चार वर्षं गाईडमधूनच उतरवत होतो. मंग याच पाठाला चौथीच्या पोट्ट्यांनी "समजलं का" म्हटल्यावर एका सुरात "हो सर" केलं, आन् दुसऱ्या दिवशी 2 किलो 50 ग्रॅम म्हणजे किती ग्रॅम विचारलं तर अर्ध्या पाट्यांवर 250! ज्या पोरीच्या घरी किराणा दुकान होतं तिनं तेवढं 2050 लिहिलं, तर बाकीचे तिलाच हसत होते. तेव्हापासून मी उलटं करतो, तासाच्या शेवटी कोणता प्रश्न टाकायचा ते आधी ठरवतो आन् उद्दिष्ट त्यातून काढतो. आता माझ्या वहीत असं असते: "वजनमापं हातात न देता, किलो-ग्रॅममधलं वजन विद्यार्थी नुसत्या ग्रॅममध्ये लिहितो, ग्रॅमचा आकडा 100 च्या आतला असला तरी, 5 पैकी किमान 4 बरोबर." रॉबर्ट मेगर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं 1962 मध्येच हे मागितलं होतं, लेकरू काय करेल, कोणत्या परिस्थितीत, आन् कितपत जमलं म्हणजे पुरे. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीसाठी मिनिटाला किमान 60 शब्द, तेही अर्थ समजून वाचणं आहे ना, तसंच.

'समजणे', 'जाणणे', 'आकलन होणे' हे शब्द टाळा, ते डोळ्यानं दिसत नाहीत. लिहितो, मोजतो, वेगळं करतो, कारण सांगतो हे दिसते. डीएडला घोकलेलं ब्लूमचं शिकण्याच्या पायऱ्यांचं वर्गीकरण 1956 चं, त्या पायऱ्यांची नावं 2001 च्या सुधारणेत नामांऐवजी क्रियापदं केली, ते उगाच नाही. पण क्रियापदांची यादी समोर ठेवून एका तासाला सहा उद्दिष्टं लिहू नका बाप्पा, एक पुरे, फार तर दोन. 'कुतूहल निर्माण करणे' वगैरे तर शोभेचंच.

अध्ययन निष्पत्ती (लेकराला त्या इयत्तेत काय यायला पाहिजे ते ठरवून दिलेलं) जशीच्या तशी उतरवणं हीपण आपली सवय. ती इयत्तेच्या शेवटाची गोष्ट आहे, तुम्हाला 35-40 मिनिटांचा तुकडा पाहिजे.

दोन वर्गांचं म्हणाल तर पाठ एकच घ्या, उद्दिष्ट दोन. तिसरीवाले तराजूत तुरीची डाळ तोलून वजन सांगतील, चौथीवाले तेच ग्रॅममध्ये लिहितील. अन् उद्दिष्टाखाली दोन ओळी कोऱ्या सोडा, कोणाला नाही जमलं त्यांची नावं तिथं. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग वावरात असते, दिवाळीनंतर तोच तास पुन्हा घ्यावा लागला तर ही नावंच कामी येतात.