लाटेवर हक्क कुणाचा?

प्रिय पोरी,

सर्फिंग करताना पाण्यात एकाने तुला दरडावलं आणि तू त्या किनाऱ्यावर पुन्हा गेलीच नाहीस, हे वाचून जीव तुटला. पण तो का ओरडला, हे आधी नीट आठव. लाट जिथे पहिल्यांदा फुटते, तिथे सर्वांत जवळ असेल त्याची ती लाट. त्याच्या पुढ्यात तू बोर्डावर उभी राहिली असशील, तर तो ड्रॉप-इन. त्यात बोर्ड एकमेकांवर आदळतात, माणसं जखमी होतात. तसं झालं असेल तर सरळ माफी माग. नव्या जागी आधी कडेला थांबून कोण कुणाला लाट सोडतं ते बघ, आणि आत जाताना लाट फुटून फेस झालेल्या बाजूने वळसा घे.

नियम पाळूनही कुणी हाकललं, तर मात्र हाकलणारा कोण हे बघायचं.

हवाई बेटांवरचे स्थानिक सर्फर बाहेरच्यांवर रागावतात, तो राग मला समजतो. लाटेवर स्वार होणं ही तिथल्या लोकांची पूर्वापार विद्या. 1893 मध्ये त्यांच्या राणीला, लिलिउओकलानीला, पदच्युत केलं. 1898 मध्ये अमेरिकेने बेटंच घेतली. पुढे 1976 च्या सुमारास काही ऑस्ट्रेलियन सर्फर तिथल्या ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर आपणच राजे अशा बढाया मारू लागले, तेव्हा त्यांना मार पडला. तिथल्याच वायमिया किनाऱ्याचा जीवरक्षक, हवाईयन सर्फर एडी आयकाऊ मध्ये पडला, त्याने दोन्ही बाजूंना एकत्र बसवलं. मारहाण वाईटच. पण ज्यांचं सगळं गेलं, त्यांच्याकडे लाटा तेवढ्या उरल्या होत्या. तिथे जाशील तेव्हा पाहुणीसारखी वाग, चांगली लाट त्यांना आधी घेऊ दे.

तुझ्या लॉस एंजेलिसजवळच्या ल्युनाडा बेचं तसं नाही. ती गडगंज लोकांची वस्ती. तिथल्या 'बे बॉइज' या स्थानिक सर्फरांच्या टोळीबद्दल दगड मारल्याच्या, टायर फाडल्याच्या तक्रारी कित्येक वर्षं होत्या. कड्याखाली त्यांनी दगडांचा पक्का अड्डा बांधला होता. 2016 मध्ये त्यांच्यावर आणि त्या वस्तीच्या शहर प्रशासनावरही दावा लागला, त्याच वर्षी अड्डा पाडला गेला. कॅलिफोर्नियात भरतीरेषेखालचा किनारा सगळ्यांचा असतो. या लोकांचं कुणी काय हिरावलं होतं? ही निव्वळ दादागिरी, आणि तिच्यापुढे तू मान तुकवावीस असं मला मुळीच वाटत नाही.

अशा जागी एकटी जाऊ नकोस, बरोबर एखादी सराईत मैत्रीण ने. पाण्यात हुज्जत घालू नकोस. गाडीला कुणी हात लावला तर फोटो काढ आणि त्याच दिवशी पोलिसांत लेखी तक्रार दे.

तुझी,
मावशी