नाटकासाठी आणलेलं प्लास्टिकचं कोरं हेल्मेट कसं कापावं आणि रंगवावं?

तुमचा प्रश्न असा: मंडईच्या (विदर्भातल्या गावजत्रेच्या) नाटकात दैत्याच्या सेनापतीसाठी तोंड झाकणारं, व्हॅक्यूम फॉर्मिंगचं (तापवलेला प्लास्टिकचा पत्रा हवा ओढून साच्यावर बसवलेलं) पांढरं हेल्मेट मागवलंय. खाली जास्तीची झालर आहे, डोळ्यांच्या जागी नुसता खोलगट भाग आहे आणि हाताशी फक्त कटर आहे. सुरुवात कुठून करायची?

कापायला बहुधा कटर पुरतो. पण आधी प्लास्टिक ओळखा. झालरीचा नखाएवढा तुकडा साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडा. तळाशी गेला तर बहुधा एबीएस किंवा हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन, म्हणजे काम सोपं. वर तरंगला तर पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथिन. त्यावर रंग आणि गोंद धरत नाहीत, पापुद्रे सुटतात. प्लास्टिक प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) आधी मारावाच लागतो. उरलेली कातरण फेकू नका, पुढची प्रत्येक चाचणी तिच्यावरच करायची आहे.

कापायची रेघ पेन्सिलीने आखा आणि तिच्या बाहेर 3-4 मिलिमीटर सोडून कापा. एका दमात आरपार कापायला गेलात की पातं घसरतं, हातावर येतं. नवं पातं लावून हलक्या हाताने त्याच रेघेवर चार-पाच वेळा ओरखडा. मग झालर मागेपुढे वाकवली की एबीएस त्या रेघेवर सुटतं. वळणावर मात्र अख्खी पट्टी वाकवू नका, चीर आत शिरते. कडेपासून रेघेपर्यंत दर 2-3 सेंटिमीटरवर उभे काप द्या आणि एकेक तुकडा तोडा. पॉलिप्रोपिलीन असं तुटत नाही, नुसतं वाकून पांढरं पडतं. त्याला पत्रा कापायची कात्रीच हवी. ग्राइंडरने कापायचा मोह टाळा. वेग जास्त झाला की प्लास्टिक वितळून चाकाला चिकटतं.

डोळ्यांच्या भोकांसाठी खरी काळजी घ्या. टोकदार कोपरा ठेवला की सगळा ताण तिथेच एकवटतो आणि हेल्मेट दोन-चारदा घालता-काढताच तडा जातो. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात आधी 4-5 मिलिमीटरचं भोक पाडा (मागे लाकडाचा ठोकळा, ड्रिल सावकाश), मग भोकापासून भोकापर्यंत कापा. तडा गेलाच असेल तर त्याच्या टोकाशी 2 मिलिमीटरचं भोक पाडा. तो तिथेच थांबतो.

उरलेलं कानशीने रेघेपर्यंत आणा. मग 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 220, शेवटी ओला 400. ओल्या पेपरने धूळ उडत नाही. कोरडं घासताना मास्क लावा. गळ्याची कड कितीही घासली तरी पातळच राहते, तिथे गाडीच्या दाराची रबरी बीडिंग बसवा. मान कापत नाही आणि कड जाडजूड धातूसारखी दिसते.

खळगे गाडीच्या गॅरेजमधल्या दोन घटकांच्या पुट्टीने भरा. हार्डनर (पुट्टी घट्ट करणारा दुसरा घटक) पुट्टीच्या वजनाच्या 2 टक्क्यांच्या आसपास, पण डब्यावर दिलेलं प्रमाण पाहून. आपल्याकडच्या उन्हात ती झपाट्याने घट्ट होते, म्हणून सुपारीएवढीच कालवा.

रंगाआधी सगळा पृष्ठभाग 400 ने मॅट करा आणि साबणाने धुवा, नाहीतर बोटांचं तेल उमटतं. स्प्रेचे तीन पातळ हात द्या, 20-25 सेंटिमीटरवरून, मध्ये 10-15 मिनिटं सोडून. पहिलाच जाड थर दिलात तर त्यातला थिनर पॉलिस्टायरीन खातो, पृष्ठभागावर जाळी उमटते. मंडईच्या नाटकांचा हंगाम थंडीत असतो, तेव्हा पहाटे आणि रात्री दव पडतं. त्या ओलीत रंगावर पांढुरकी झाक येते. दुपारी 11 ते 3 मध्येच फवारा. उन्हाळ्यात उलट: सकाळी, सावलीत. नाहीतर फवारा हवेतच वाळतो आणि कणकण बसतो. धातूसारखं दिसण्यासाठी काळ्या थरावर चंदेरी द्या, वरून पातळ केलेला तपकिरी ॲक्रेलिक रंग खाचांमध्ये भरून फडक्याने पुसा. चकचकीत वार्निश नको, दिव्यांच्या झोतात चेहऱ्याचे नक्षीकाम हरवतं.

आत कपाळाशी, डोक्यावर आणि मागे ईव्हीए फोमचे (चपलांच्या तळव्यात असतो तसा मऊ फोम) तुकडे लावा, हनुवटीखाली इलॅस्टिक. फोमला रबर सोल्यूशन लावा. ग्लू गनची उष्णता पातळ प्लास्टिक वाकवते.

हे सगळं रंगाआधी नटाला घालून एका तालमीत तपासा. संवाद आतच कोंडत असेल तर तोंडासमोर आणि कानांशी बारीक भोकांच्या ओळी पाडा. रंगानंतर पाडलीत तर त्याच भोकांच्या कडेने रंगाचे पापुद्रे निघतात.